खिशातला चाकू घेताना: चिनी की कंपनीचा, आणि दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं

आमची मोसंबीची रोपवाटिका अंबडच्या बाजूला आहे. डोळे भरायचं काम, म्हणजे खुंटाच्या रोपावर मोसंबीचा डोळा बसवून कलम करायचं, मी स्वतः करते. त्याशिवाय ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, मल्चिंग पेपर, सुतळी असं काहीबाही दिवसभर कापावंच लागतं. साडीला खिसा नसतो, म्हणून आमच्याकडे बाया कामावर जाताना साडीवर घरच्या माणसाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. माझा चाकू त्या शर्टाच्या खिशात असतो. रोपं न्यायला येणारी पोरं तो बघतात आणि हमखास विचारतात, "काकू, चिनी घेऊ का कंपनीचा? मोबाइलवर दोनशेलाबी दाखवतंय अन् वीस हजारालाबी."

एवढ्या मोठ्या फरकाचा उलगडा उभ्या उभ्या होत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी "चिनी" या एका नावाखाली काय काय येतं ते बघा. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेले, पात्यावर गरुड किंवा वाघ कोरलेले, दीडशे-दोनशेचे चाकू ही एक जात. त्यावर बनवणाऱ्याचं नाव नसतं, "स्टेनलेस" नाहीतर "440सी" असं पोलादाचं नाव एवढंच असतं. दुसरी जात म्हणजे स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या चिनी कंपन्या: सिविवी, क्यूएसपी, रुईके, गॅन्झो, कायझर. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात यांगज्यांग नावाचं शहर आहे, तिथला मुख्य धंदाच चाकू-सुऱ्यांचा. या जातीतले चाकू साधारण दीड हजारापासून पुढे मिळतात, आणि पहिल्या जातीशी त्यांचं काही नातं नाही.

तिसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मोठ्या अमेरिकन नावांचाही बराच माल चीनमध्येच बनतो. स्पायडर्कोचा टेनेशियस घ्या, तो चीनमध्ये बनतो. कर्शॉचे कितीतरी चाकू तसेच. पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. आणि उलट बाजूने, नावाजलेलं म्हणजे महागच असंही नाही. स्वित्झर्लंडचा साधा व्हिक्टोरिनॉक्स किंवा फ्रान्सचा ओपिनेल हे दोन्ही चांगल्या चिनी चाकवापेक्षा कितीदा स्वस्त पडतात. म्हणून चिनी की कंपनीचा, असा प्रश्नच विचारू नका. हातात असलेल्या चाकवाला पाणी नीट दिलंय का, उघडं पातं मिटू न देणारं लॉक धरतं का, आणि धार तुम्हाला घरी लावता येईल का, हे तीन प्रश्न विचारा.

पाणी

पोलादाचं नाव आणि पोलादाचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. पाणी देणं म्हणजे पातं हजार अंशांच्या वर तापवायचं, झटक्यात थंड करायचं, मग पुन्हा हलक्या आचेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. यात भट्टीचा वेळ वाचवला की पोलाद कितीही भारी असो, धार दुपारपर्यंत टिकत नाही. ज्वारी एकच असली तरी भाकरी करणारीच्या हातावर सगळं असतं, तसंच हे.

माझा भाचा वाळूजला टूलरूममध्ये आहे. तिथे कडकपणा मोजायचं रॉकवेलचं मशीन असतं. एकदा त्याच्याकडे घरातले चाकू दिले. "440सी" कोरलेला बाजारातला एक चाकू 51 वर थांबला. नीट पाणी दिलेलं 440सी 57-58 च्या पुढे जायला हवं. म्हणजे एकतर ते पोलाद 440सी नव्हतं, नाहीतर पाणी कच्चं होतं. दुसरा चाकू नाव लावून विकणाऱ्या चिनी कंपनीचा, पोलाद 8सीआर13एमओव्ही, म्हणजे चिन्यांचं रोजच्या वापरातलं साधं स्टेनलेस. तो 58 भरला. आणि गंमत म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स 56 च्याच आसपास. स्विस लोक ते मुद्दाम तसं ठेवतात. पातं जरा मऊ असलं की सहसा तुटत नाही आणि कुठल्याही दगडावर पटकन धार घेतं. तेव्हा आकडा मोठा म्हणजे चाकू चांगला, असंही डोक्यात घेऊ नका. जो आकडा सांगितलाय तो खरा आहे का, एवढंच बघायचं.

तुमच्याकडे मशीन नसेल तर चांगल्या कंपनीची बारीक कानस घ्या. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, हलक्या हाताने एकदा ओढा. पाणी बरोबर असेल तर कानस घसरते किंवा जेमतेम ओरखडा काढते. कच्चं असेल तर कानस रुतते आणि भुसा पडतो. दुकानदार हे करू देणार नाही, घरी आल्यावर करा आणि परत करायची मुदत असेपर्यंत करा.

अजून एक. नव्या चाकवाच्या पहिल्या धारेवरून मत बनवू नका. कारखान्यात पट्ट्यावर कोरडीच धार काढली की कडेचं पोलाद तापतं आणि तेवढ्या केसभर भागाचं पाणी उतरतं. स्वस्त मालात हे फार दिसतं, महागातही कधीमधी. दोन-तीनदा दगडावर घातल्यावर खालचं ताजं पोलाद वर येतं आणि तोच चाकू वेगळा वाटायला लागतो. "चिनी माल, आठ दिवसांत बोथट" म्हणून बांधावर फेकून दिलेले चाकू मी उचलून आणलेत.

दुकानात हातात घेतल्यावर

चाकू सावकाश उघडा. आतल्या बाजूने पात्याच्या बुडामागे एक पातळ पट्टी सरकून बसते, त्याला लायनर लॉक म्हणतात. ती पट्टी बुडाच्या कुठे टेकते ते बघा. बुडाच्या रुंदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आली असेल तर ठीक. नुसती कोपऱ्याला चिकटली असेल तर जोर लागल्यावर सुटणार. आणि नव्या चाकवातच ती पार पलीकडच्या टोकाला गेली असेल तर पुढे झिजायला जागाच उरलेली नाही. काही चाकवांत पट्टीऐवजी आडवी दांडी पुढेमागे सरकते. बेंचमेडने आणलेली ही रचना, गॅन्झोने तिच्यासारखीच बनवून स्वस्तात विकली. दांडी असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी बसते का आणि तिची स्प्रिंग मरगळलेली नाही ना, एवढं बघा.

मग पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. आडवं किंचित हललं तर स्क्रू आवळून जातं. वर-खाली हललं तर लॉकच नीट बसत नाही. तो चाकू परत ठेवा, मग किंमत काही असो. त्यानंतर बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी काउंटरवर दाबा, हळू, मग जरा जोराने. आपटायचं नाही, दाबायचं. लॉक सुटायचं असेल तर इथे सुटू द्या, तुमच्या हातावर नको. ठिबकच्या नळीला चाकवाच्या टोकाने भोक पाडणारे लोक मी रोज बघते, आणि घडी मिटून बोटावर येते ती नेमकी तेव्हाच. त्यासाठी पंच मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांत.

चाकू मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का ते वरून बघा. मग धार डोळ्यासमोर धरून दोन्ही बाजूंचा उतार मुळापासून टोकापर्यंत सारखा आहे का पाहा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर समजायचं, घाईत काढलाय. चालेल, पण घरी दगडावर मेहनत पडेल. धारेच्या लगेच वरचं पातं जाड असेल तर मात्र चालणार नाही. असा चाकू कितीही धारदार केला तरी कापत नाही, फाडतो.

आता माझं एक मत, जे चाकवाच्या शौकिनांना आवडत नाही. ज्या घडीत बॉल बेअरिंग असतं तो चाकू बोट लावताच खटकन उघडतो आणि हातात महाग वाटतो. आपल्या काळ्या मातीत तो घेऊ नका. धूळ त्या छऱ्यांत जाऊन बसते आणि करकर सुरू होते. साधे पितळी किंवा नायलॉनचे वॉशर असलेला घ्या, जरा जड उघडेल पण उघडत राहील. मूठ ॲल्युमिनियमची नको. मे महिन्यात बांधावर ठेवलेली ती उचलून बघा म्हणजे कळेल. जी10 म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन दाबून केलेली मूठ. ती घामात घसरत नाही, तापतही नाही. आणि रंग काळा किंवा हिरवा घेतलात तर मुठीच्या भोकात भगवी नाहीतर लाल दोरी बांधा. कडब्यात पडलेला काळा चाकू सापडत नाही.

जास्तीचे पैसे नेमके कशाचे

बेंचमेडसारख्या अमेरिकन चाकवाला तिकडेच दोनशे डॉलर आणि वर पडतात. ख्रिस रीव्हचा सेबेंझा त्याच्या दुपटीच्या आसपास. इथे मागवला की टपाल आणि कस्टम वेगळं. यातला काही पैसा तिकडच्या कारागिराच्या मजुरीचा असतो, काही नावाचा. पण दोन गोष्टी खऱ्या मिळतात. एक म्हणजे सारखेपणा. दहा चाकू उघडलेत तर दहाही एकसारखे बसतील. स्वस्तातल्या दहांत सहा छान निघतात, तीन बरे आणि एक फेकायचा. म्हणून तर वरची सगळी तपासणी.

दुसरी गोष्ट पोलादाची. एस30व्ही, एम390 ही पोलादं पावडरपासून बनतात. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने बारीक भुगा करतात आणि तो उष्णतेत दाबून ठोकळा करतात. त्यामुळे आतले कडक कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले राहतात, आणि धार खूप दिवस टिकते. साध्या पद्धतीने ओतलेल्या डी2 नावाच्या पोलादात हे कण मोठे असतात. टिकायला डी2 चांगलं, पण त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असलं तरी बरंचसं त्या कणांतच अडकतं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. मोसंबीचा रस लागलेला डी2 चाकू रात्रभर तसाच ठेवा, सकाळी डाग दिसतील. चिनी चाकवांत डी2 भरपूर असतं, म्हणून सांगितलं. लिंबू-मोसंबीवाल्याने 14सी28एन शोधावं. मूळ स्वीडनचं पोलाद, बऱ्याच चिनी कंपन्या वापरतात, गंजत नाही आणि धारही बारीक घेतं.

पावडरच्या पोलादाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. त्यातले व्हॅनेडियमचे कण आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या दगडापेक्षा कडक असतात. वीस हजारांचा चाकू घेऊन अंबडच्या बाजारातल्या दगडावर घासत बसलात तर दगड झिजेल आणि धार नुसती चमकेल. त्याला हिऱ्याची प्लेट लागते, आणि ती चारशे-पाचशेत मिळते, तीही बहुधा चिनीच. कंपनी धार फुकट लावून देते हे खरं, पण बेंचमेडचा कारखाना ओरेगॉनमध्ये आहे.

मग घ्यायचा कोणता? शेतात जो हरवतो, उसना जातो, पाटात पडतो, त्यासाठी माझ्या मते वॉशरवाला, लायनर लॉकचा, नाव लावणाऱ्या कंपनीचा चिनी चाकू, दोन-तीन हजारांच्या आतला. एवढेही द्यायचे नसतील तर बाजारातल्या दोनशेच्या घडीच्या चाकवापेक्षा लोहाराकडून न मिटणारी छोटी सुरी करून घ्या. ट्रकच्या पाट्याचं पोलाद असेल तर उत्तम, आणि लॉकची भानगडच नाही. घरात, प्रवासात, पेटीत ठेवायला व्हिक्टोरिनॉक्स. पण त्याच्या साध्या मॉडेलला लॉक नसतं हे विसरू नका. ओपिनेलला मुठीवर फिरणारं कडं असतं, ते 1955 पासून आहे, आणि फळं कापायला त्याच्यासारखं पातळ पातं दुसरं नाही. फक्त पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं आत अडकतं. तेव्हा नखं मोडू नका. पातं मिटलेलंच ठेवून मुठीचं, पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्याकडचं टोक टेबलावर ठोका, पात्याची कड बाहेर येते.

वीस हजारांचा हौसेने घ्यायचा तर खुशाल घ्या. माझ्या भाच्याकडे आहे. तो त्याने सुतळीसुद्धा कापत नाही.

धार

चाकवाच्या बजेटमधून पाच-सातशे आधीच बाजूला काढा. दोन बाजूंचा दगड, एक 1000 नंबरचा बारीक दगड आणि जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा, एवढ्यात काम होतं.

दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. पात्याच्या कडेला मार्कर पेनने काळी रेघ ओढा. आता पातं दगडावर आडवं ठेवून पाठ उचला. किती, तर पात्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पातं 24 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ 8 मिलिमीटर वर. हा साधारण 20 अंशांचा कोन झाला. दोनदा ओढून मार्करची रेघ बघा. शाई वरच्या बाजूने गेली असेल तर पाठ अजून उचला, नुसती कडेवरची गेली असेल तर जरा खाली घ्या, सगळी सारखी गेली की कोन सापडला. तोच हातात धरून ठेवायचा. जोर नको, पात्याचं वजन आणि वर बोटांचा भार पुरे.

एकाच बाजूला घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला अंगठा धारेवर आडवा, पाठीकडून बाहेर फिरवल्यावर बारीक खरखर लागत नाही. टर्नर लोक तिला बर म्हणतात. ती मुळापासून टोकापर्यंत लागली पाहिजे. बहुतेक जण इथेच कंटाळतात, टोकाजवळ बर यायच्या आतच बाजू बदलतात आणि मग चाकू टोकाला कापत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात. बर आली की बाजू बदला, तिकडेही तेच. मग बारीक दगडावर एक ओढ इकडे, एक तिकडे, हात हलका करत. शेवटी चामड्यावर उलटं, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे, दहा-पंधरा वेळा.

धार आली का ते केसांवर किंवा कागदावर बघतात. मी मोसंबीच्या हिरव्या काडीवर तिरका काप देऊन बघते. काप उजेडात धरला की ओला आणि चकाकता दिसला पाहिजे, बोटाला गुळगुळीत लागला पाहिजे. पांढुरके धागे उठले असतील तर परत चामड्यावर.

डोळे भरणाऱ्यांसाठी

इथे मात्र मी पैसे वाचवायला सांगणार नाही. रंगपूर लिंबाच्या खुंटावर वीतभर उंचीला टी आकाराची चीर द्यायची ती फक्त सालीतून. लाकडाला पातं लागलं की डोळा धरायची खात्री गेली. त्यासाठी पातं पातळ, सरळ आणि अगदी न हलणारं लागतं. मागे साल उचलायची जीभ असते, ती गुळगुळीत लागते. स्वस्त चाकवांत ही जीभ साच्यातून काढलेली तशीच खडबडीत असते आणि साल फाटते. व्हिक्टोरिनॉक्सचे डोळे भरायचे चाकू येतात, जर्मनीच्या टीना कंपनीचे त्याहून सरस आणि त्याहून महाग. कलमाच्या बऱ्याच चाकवांना धार एकाच बाजूने असते. अशा चाकवाची सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवूनच फिरवायची, ती उचलली की चाकू बिघडला.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं पुसणं पुरेसं नाही. एक्झोकॉर्टिस नावाचा लिंबूवर्गीय झाडांचा रोग रसातून, चाकवावरून पसरतो, आणि रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल त्याने तडकते. कपडे पांढरे करायचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं डब्यात करून ठेवा, दर मातृवृक्षाला, म्हणजे डोळे काढायच्या दर झाडाला, पातं त्यात बुडवा. ब्लीच मात्र पोलाद खातं, स्टेनलेससुद्धा. म्हणून लगेच साध्या पाण्यात धुऊन पुसायचं आणि संध्याकाळी घडीच्या खिळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. गोडेतेल नको, त्याचा चिकटा होतो आणि धूळ धरतो. घडीचे स्क्रू बहुधा तारेच्या आकाराच्या डोक्याचे असतात, टी6 किंवा टी8. मोबाइल दुरुस्तीच्या किटमध्ये ती टोकं असतात. हंगामात एकदा खोलून माती काढा.

राहिला कायदा. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू यात येत नाही. पण सण, मोर्चे, निवडणुका आल्या की आपल्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली बंदीचे आदेश निघतात आणि त्यात सुरे, लाठ्या सगळंच येतं. त्या दिवसांत चाकू शेतातल्या खोलीवरच ठेवा, तालुक्याला जाताना खिशात नको. बटण दाबून स्प्रिंगने उघडणारा तर घेऊच नका, शेतात त्याचं काही काम नाही आणि नाक्यावर समजावत बसावं लागतं. विमानाने जाणार असाल तर खिशातला चाकू मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलात की तिथेच काढून घेतात.